दाणे मोजणारा किरायदार

आमच्या वरच्या खोलीत जो माणूस राहत होता, त्याला सगळं सौंसर विद्वान म्हणत होतं. म्हणू द्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. आयुष्यभर संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकल्या. मला विद्वान ओळखता येत नाही, पण दगड ओळखता येतो. तो दगड होता.

घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. लहान लेकरूही म्हणते. हा जिना उतरला की ‘जातो’ म्हणे. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी टोकलं.

“सर, जातो नाही म्हणत. येतो म्हणा.”

चपलेत पाय घालता घालता हा म्हणतो, “काकू, संध्याकाळची बस भरलेली असते. मिळेलच असं नाही. जातो एवढं पक्कं आहे.”

तिला हसू आलं. मला आलं नाही. सकाळी सकाळी दारातून असं अभद्र बोलून जाणाऱ्याला किराया देतो म्हणून घरात ठेवायचं का, असं मी तिला तेव्हाच विचारलं होतं. ती म्हणाली, “राहू द्या ना. खोटं तं नाही बोलला.”

तिचं हेच होतं. सुरुवातीपासून ती त्याच्या बाजूनं.

तो पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात शिकवायचा आणि राहायला इकडं सौंसरला. रोज बसनं जाणं, बसनं येणं. खोली पाहायला आला तेव्हा मी विचारलं, “पांढुर्ण्यातच काऊन नाही राहत?”

“तिथले घरमालक काढतात.”

“काऊन? दारू पेता का?”

“नाही. विचारलं ते सांगतो.”

मला वाटलं, गंमत करून राहिला. मग हळूहळू समजलं. समोरच्या घरी नात झाली, बारशाला सारी गल्ली जमली. पोरीच्या आजीनं मोठ्या हौसेनं त्याला विचारलं, “सर, पाहा बरं, कोणासारखी दिसते?” त्यानं पाळण्यात वाकून नीट पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाला, “सध्या कोणासारखीच नाही.” आजीनं त्याच्या हातावर घुगऱ्या ठेवल्याच नाहीत. बाजारात फळवाला विचारे, “संत्रा गोड हाये ना, सर?” तर हा म्हणे, “मी खाल्लेल्या फोडी गोड होत्या. बाकीच्यांचं माहीत नाही.” असा माणूस. दोन गोड शब्द बोलायला काय जीव जातो? मी जिंदगीभर पेटीत वरच्या थराला चांगला माल लावलेला पाहिला आहे. सगळा बाजार तसाच चालतो. घरही तसंच चालतं.

आता त्याचं काम काय, ते सांगतो. मला जेवढं समजलं तेवढं.

तो क्वेसार पाहायचा. म्हणजे डोळ्यानं नाही. आकाशात लय लय दूर, दुसऱ्या एखाद्या आकाशगंगेच्या पोटात एक काळा खड्डा असते. जवळ येईल ते गिळते. गिळताना आजूबाजूला इतकी आग होते की त्या एका जागेचा उजेड साऱ्या ताऱ्यांपेक्षा जास्त. पण काही क्वेसारांच्या भोवती वायूचा असा दाट थर असते की तो उजेड बाहेर निघतच नाही. आत भट्टी पेटलेली, बाहेर अंधार. मग ते आहे हे समजणार कसं? तर एक्स-रेवरून. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तेच एक्स-रे, ते त्या भट्टीतून आपोआप निघतात. त्यातले मऊ किरण वायूतच मरतात, कडक असतात ते पार होतात. आपल्या डोक्यावरची हवा तेही खाऊन टाकते, म्हणून दुर्बीण वर अंतराळात फिरवावी लागते. तिनं जमवलेलं कोणत्या तरी मोठ्या संस्थेतून याच्या कॉम्प्युटरवर येई, आणि कॉलेजातून आला की हा ते पाहत बसे.

काय दिसे तिथं? काळा पडदा आणि पांढरे ठिपके. दुर्बिणीनं तासन् तास एकाच जागी डोळा लावायचा आणि मूठभर ठिपके मिळायचे. तो त्याला दाणे म्हणे. माझी बायको चहा घेऊन वर जाई आणि विचारे, “सर, आज किती दाणे आले?”

“थोडेच आले, काकू.”

“तीळ सांडल्यावानी दिसते.”

“तीळ जास्त असतात.”

मला राग यायचा. मी खाली खिळे ठोकून राहिलो, हिला पेट्यांत तणस भरायचं आहे, आणि ही वर उभी राहून आकाशातले तीळ मोजते.

एक दिवस तिनं त्याला विचारलं, मऊ मरते अन् कडक येते म्हणजे कसं जी सर? त्यानं सांगितलं असतं तर झालं असतं. पण नाही. त्यानं तिला आतल्या खोलीत उभं केलं, दार लावलं आणि म्हणाला, बांगड्या वाजवा. मला म्हणाला, काका, तुम्हीही आत जा आणि हातोडी ठोका. माझ्या हातात काम होतं, मी ठोकतच होतो, तर आत जाऊन ठोकलं. हा बाहेर गल्लीच्या बाजूनं भिंतीला कान लावून उभा. बांगड्या जेमतेम ऐकू येतात, हातोडी पार येते, म्हणे. बांगड्यांचा आवाज किती कमी झाला, यावरून भिंत किती जाड आहे ते सांगता येते. आम्ही तेच करतो.

त्याचं झालं समजावून. पण गल्लीनं काय पाहिलं? कॉलेजचा मास्तर पराया बाईच्या खोलीच्या भिंतीला कान लावून उभा आहे, आणि आतून तिचा आवाज येऊन राहिला, “आता ऐकू येते का?”

पुढे महिनाभर मला पानठेल्यावर जायची सोय राहिली नाही. एक जण म्हणे, “काय दादा, भिंत किती जाड निंघाली?” मी त्याच्या अंगावर धावून गेलो. घरी येऊन तिच्यावर ओरडलो. तिला काय झालं? ती पदर तोंडात घालून हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं तिनं. म्हणाली, “तुमाले नाही का समजलं? मले तं समजलं बाप्पा.”

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून इकडं सत्कारांची हौस फार वाढली. कुठून तरी एका पत्रकाराला समजलं की सौंसरमध्ये एक माणूस काळे खड्डे शोधते. त्यानं छापलं, आपल्या मातीतल्या सुपुत्रानं लावला नवा शोध. झालं. मंडप, शाल, नारळ, फुलांचे हार, एक पुढारी. बसायची व्यवस्था माझ्याकडं होती. पुढारी अर्धा तास बोलला. मग यानं उठून माईक धरला.

“मी काही शोधलं नाही,” म्हणाला. “एका जागेवरून थोडे दाणे आले आहेत. तिथं वायूमागे लपलेला क्वेसार असू शकतो. नुसता गोंधळही असू शकतो. दाणे फार थोडे आहेत. मला माहीत नाही.”

आणि शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली, खाली उतरला. पुढाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सत्कार ठेवणाऱ्या मंडळानं राग माझ्यावर काढला, तुमचा किरायदार म्हणून. पुढच्या वर्षी दुर्बिणीनं त्याच जागी बराच वेळ पाहिलं आणि तिथं खरंच क्वेसार निघाला. त्यानं ते जिन्यावर उभं राहून असं सांगितलं, जसं नळाला पाणी आलं म्हणून सांगावं.

मी म्हटलं, “मंग तवा हाव म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं? निंघालाच ना?”

“तेव्हा माहीत नव्हतं, काका.”

“लोकायले बरं वाटलं असतं.”

“बरं वाटलं असतं,” म्हणाला. एवढंच. वर निघून गेला.

माझ्या बायकोनं त्याला एकदा विचारलं होतं की तुम्ही असे काऊन बोलता, लोकं तुटतात ना. तो म्हणाला, “काकू, मध्ये आधीच इतका वायू आहे. मी अजून कशाला टाकू?” तिला ते फार आवडलं. तिनं मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, भाजी वाढ.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो.

तिचं पोट दुखायला लागलं. इथं गोळ्या दिल्या, तपासण्या झाल्या, मग नागपूरला न्या म्हणाले. पोरगा इंदूरला नोकरीत, त्याला सुट्टी नाही. मला मोठ्या दवाखान्यात बोलता येत नाही, म्हणून हा सोबत आला. हे खरं आहे, आला, कॉलेज बुडवून आला, नाही म्हणणार नाही. डॉक्टरनं तिला बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हा दोघांना आत घेतलं. जे सांगायचं ते सांगितलं. पसरलं आहे. बरं होणार नाही. औषध चालू ठेवलं तर काही महिने वाढू शकतात.

मी याचा हात पकडला. म्हटलं, “सर, तिले काई सांगाचं नाही. बिलकुल नाही. आमच्याकडं नाही सांगत. माणूस हाय खाऊन अगोदरच मरते.”

तो म्हणाला, “मी आपणहून सांगणार नाही.”

“बस, तेवढंच.”

“पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

मला वाटलं, ती कशाला विचारते? तिला आम्ही सांगणार आहोत ना, पोटात सूज आहे म्हणून. बाहेर येऊन मी हसून सांगितलंही, “काई नाही वं, सूज हाये. उतरते दवाईनं.” ती म्हणाली, “बरं.” परतीच्या गाडीत त्यानं खिडकीकडं तोंड केलं ते सौंसर येईपर्यंत वळवलं नाही.

मग आम्ही साऱ्यांनी मिळून ते नाटक केलं. आणि चांगलं केलं, मला त्याची लाज नाही. पोरगा रोज फोन करायला लागला. एरवी माय-लेकाचं फोनवर भांडण झाल्याशिवाय फोन ठेवला जात नव्हता. आता तो हाव माय, हाव माय करे. सून विचारे, आज काय खाल्लं. मी तिच्यावर ओरडणं सोडलं. चहात साखर जास्त झाली तरी पिऊन घेतला. शेजारच्या बाया येऊन म्हणत, आता तं तोंडावर तेज आलं व तुमच्या. तेज कसलं, हाडं वर आली होती. पण म्हणत होत्या ना. हीच रीत आहे. माणसाला धरून ठेवायची हीच रीत आहे.

औषधानं तिला उलट्या होत. त्या वासानं जेवण जाईना. कोणीतरी म्हणालं, एकदा जामसांवलीच्या हनुमंताला नेऊन पाहा, लोकं बरे होऊन येतात. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाही. मी कधी कुठल्या देवळाची पायरी चढलो नाही आणि चढणाऱ्यांची थट्टाही पुष्कळ केली. पण मी नेलं तिला. ऑटो केला आणि नेलं. हनुमंतासमोर हात जोडले. काय बोललो ते सांगणार नाही. ती बाजूला उभी राहून माझ्याकडं पाहत होती, देवाकडं नाही.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. दुपार होती. ती अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होती आणि मी एका खुर्चीचा पाय बसवत होतो. हा पाण्याची बादली भरायला खाली आला. ती म्हणाली, “सर, बसा जरा. एक गोठ विचाराची हाये.”

मी म्हटलं, “सरले काम हाये.”

“तुमी चूप राहा.”

तिचा तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

“सर,” ती म्हणाली, “हा माणूस मले जामसांवलीले घेऊन गेला. सारी जिंदगी हा देवळाच्या सावलीत उभा नाही राहिला. पोरगं फोनवर भांडत नाही. सून रोज जेवण पुसते. अन् यायनं मले कधीपासून एक डाव डाफरलं नाही. सारेच्या सारे गोड होऊन गेले. मी मरून राहिली का?”

मी उठलो. हातात हातोडी होती. मी त्याच्याकडं पाहिलं, डोळ्यांनी सांगितलं, मान हलवली, अजून काय करायचं होतं? त्यानं मला पाहिलं. नीट पाहिलं. मग बादली खाली ठेवली.

“हो, काकू,” म्हणाला.

“डॉक्टर काय म्हणे?”

“पसरलं आहे. बरं होणार नाही. औषध घेतलं तर काही महिने वाढू शकतात. किती, ते त्यांनाही सांगता आलं नाही.”

तिनं हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. ताटलीत टाकली. “बरं झालं,” म्हणाली. “मले वाटे, मीच येडी झाली.”

पुढचं मी केलं. बादली उचलून गल्लीत फेकली. वर गेलो, त्याची गादी, कपडे, पुस्तकं, सगळं गॅलरीतून खाली टाकलं. सारी गल्ली दारात उभी. मी कॉम्प्युटर उचलला तर खालून ती ओरडली, “अवो, ते नोको फेकू! त्यात त्यायचे दाणे हायेत!” तिच्या अंगात ओरडायची ताकद नव्हती, तरी ओरडली. मग तो मी हातांत धरून जिना उतरलो आणि खाटेवर ठेवला. तोंडात शिव्या आणि हातात ते ओझं बाळासारखं धरलेलं. लोक हसले असतील. हसू द्या.

तो म्हणाला, “काका, मी तुम्हाला सांगितलं होतं—”

“निंघ!” मी म्हटलं. “माह्या घरातून निंघ. क्वेसार पाह्य जाऊन. माणसं नोको पाहू.”

तो गेला. तिला हात जोडून गेला, मला नाही.

ती माझ्याशी बोलायची थांबली. कितीतरी दिवस हो की नाही एवढंच. मग एका सकाळी म्हणाली, “आता भांडा माह्यासंग. लय दिवस झाले.” आणि आम्ही भांडलो. चांगलं कडकडून भांडलो, सरांवरून, पोराच्या लग्नावरून, तिच्या भावानं एकदा केलेल्या अपमानावरून. तिनं साड्या काढून आपल्या हातानं वाटल्या. पोराला बोलावून त्याला शिव्या दिल्या आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला फोडणी द्यायला शिकवलं, मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकली की पाठीत रट्टा. “सरले बलावा,” असंही म्हणाली. नाही बोलावलं. ते दिवस पुन्हा आले तरी बोलावणार नाही.

आणि तिनं औषध बंद केलं. हे ऐका, इथंच माझा सारा राग आहे. ती म्हणाली, “मले त्या दवाईचा वास नाही सहन होत. मरायचंच हाये तं मले माह्या घरात, माह्या तोंडाच्या चवीनं मरू द्या.” आम्ही तिला सूज आहे सांगत होतो तोपर्यंत ती गोळ्या घेत होती. उलटी करे, पण घेई. त्यानं हो म्हटलं आणि तिनं गोळ्या सोडल्या. ते काही महिने होते ना? डॉक्टरच म्हणाला होता, वाढू शकतात म्हणून. ते कोणी नेले?

ती गेली. विहारातले लोक आले, वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांत सगळे बसले. नंतर जो येई तो एकच म्हणे. तिची वेळ आली होती, दादा. सुटली बिचारी. तुमच्या हातात काई नव्हतं. मी विचारी, औषध घेतलं असतं तर? तर लगेच, नाही नाही, काही फरक पडला नसता. कोण बोलून राहिलं? किराणावाला. त्याला काय माहीत? ऑटोवाला म्हणे, नसता पडला. माझा पोरगा म्हणाला, बाबा, तो विषय सोडा आता. मी तिचं नाव घेतलं की सारे पंख्याकडं पाहत, नाहीतर चहा घ्या म्हणत. मी अशा चहाच्या कपानं एकाला मारलं असतं.

मग एक दिवस सकाळची बस पकडली आणि पांढुर्ण्याला गेलो. मला त्याच्याकडून एकच पाहिजे होतं. त्यानं माझ्या तोंडावर सांगावं की त्याच्या बोलण्यानं ती लवकर गेली, म्हणजे मी त्याचं मुस्काट फोडतो. नाहीतर सांगावं की नाही गेली. दोन्हीतलं एक. तो खोटं बोलत नाही ना? मग त्यालाच विचारायचं.

स्टेशनच्या मागं त्याला खोली मिळाली होती. दार उघडंच होतं. तसाच बसला होता, ठिपक्यांसमोर. मला पाहून उठला. नमस्कार नाही, बसा नाही.

“काकू गेल्या, ते समजलं,” म्हणाला.

“तुह्या तोंडानं गेली का?” मी म्हटलं. माझ्या वयाला अरे-तुरे शोभत होतं की नव्हतं, मला पर्वा नाही. “तू हाव म्हटलं, तिनं दवाई सोडली. तू चूप राहिला असता तं आज ती असती का नसती? सांग.”

त्यानं हात मागं नेऊन कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. आमच्या घरी इतकी वर्षं राहिला, तो पडदा मी कधी बंद पाहिला नव्हता. मग खुर्ची माझ्याकडं सरकवली.

“शेवटी काकू कशा होत्या, मला माहीत नाही. सांगा.”

“काय सांगू?”

“औषध सोडल्यावर जेवत होत्या का?”

“हाव. जेवे थोडं. झुणका मांगे.”

“उलट्या?”

“बंद झाल्या होत्या.”

“झोप?”

मी सांगितलं. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. शेवटच्या आठवड्यात पाणी स्वतः प्यायल्या की पाजलं? दुखत होतं तेव्हा कुठं हात ठेवायच्या? ओळखत होत्या का? काय बोलल्या? त्यानं एकदाही सोडा म्हटलं नाही, मान फिरवली नाही. मी मोठमोठ्यानं बोलत होतो. घरमालकीण दारात येऊन उभी राहिली, काय भांडण चाललं म्हणून. मी तिच्यासमोरही बोलत राहिलो. बायकोनं मला रट्टा मारलेला सांगितला. तिनं शेवटी माझा हात हातात घेऊन नखं किती वाढली म्हटलं, तेही सांगितलं. जे पोराला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बाहेरून दोन-चार गाड्या धडधडत गेल्या, घसा बसला, तेव्हा थांबलो.

“आता सांग,” मी म्हटलं.

मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. एवढी एक वेळ, मला वाटत होतं, एवढी एक वेळ हा नाही म्हणेल. नसता फरक पडला, काका. चार शब्द. किराणावाला देते ते.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“काऊन नाही येत?”

“सांगितलं नसतं तर काकू किती जगल्या असत्या, हे पाहायला दुसऱ्या काकू पाहिजेत. अशाच. त्यांना न सांगता पाहायला पाहिजे.” त्यानं चष्मा काढून पुसला. “एकच होत्या, काका. मी लवकर नेलं असेल. नसेलही. मला माहीत नाही. कधी माहीत होणार नाही.”

मी हात उचलला होता. घरमालकीण ओरडलीही. पण तो हात माझ्याच तोंडावर आला आणि मी तिथं त्याच्या खुर्चीवर बसून रडलो, गुरासारखा. तो समोर उभा होता. उगी राहा म्हणाला नाही. पाणी आणलं नाही. उभा राहिला.

म्हणून माझा राग गेला असं कोणी समजू नये. त्या माणसाला मी माफ केलं नाही. मरेपर्यंत करणार नाही, आणि त्यानं ते मागितलंही नाही. पण गावात तिचं नाव काढलं की लोक पंख्याकडं पाहतात, आणि मला तिच्याबद्दल बोलायचं असते. तेव्हा मी पांढुर्ण्याची बस धरतो, त्याच्या दारात उभा राहतो, आणि शिव्या देऊन सुरुवात करतो.